ताट धरणारी बाई

नव्या शालीला डांबरगोळ्यांचा वास आला की माझं टाळकं सरकतं. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या आमच्या फिल्म क्लबात आम्ही तिघा परीक्षकांनी वर्षभराचे मराठी सिनेमे बघून सहाय्यक भूमिकांची क्रमवारी लावली होती. पहिला नंबर कंधारच्या एका बाईंचा होता. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या त्या बाईंनी सिनेमात सुईण केली होती. बाळ रडेपर्यंतचा त्यांचा चेहरा बघताना आम्हीही श्वास रोखून बसलो होतो. सत्काराला या म्हणून मी आनंदानं त्यांना फोनही करून टाकला. कार्यक्रमाच्या सकाळी क्लबच्या अध्यक्षांनी यादी घेतली आणि पेनानं त्यांचं नाव खोडलं. "सर, या बाईला वळखतं कोण? टीव्हीवाला नट येऊन राहिलाय, एक नंबर त्यालाच द्या." मी नाही म्हणालो आणि नव्या यादीवर सही केली, असा माझा बाणेदारपणा. बाई दुपारच्या एसटीनं आल्या, इस्त्रीची साडी नेसून. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही, मीसुद्धा नाही. स्टेजवर शाल-नारळाचं ताट धरायला बाईमाणूस पाहिजे होतं, अध्यक्षांनी त्यांनाच उभं केलं. शेवटी आपलं नाव येईल म्हणून त्या तासभर हसतमुखानं उभ्या राहिल्या, आणि मी पहिल्या रांगेत बसून नटासाठी टाळ्या वाजवल्या. ताट रिकामं झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "सर, हे कुठं ठिवू?" काल लातुरात माझाच सत्कार झाला. तिथं ताट धरलेल्या बाईंचं नाव विचारायचं मला सुचलं, ते घरी येऊन शालीची घडी घालताना.