त्याले घेऊन जा

रात्रपाळीहून घरी आल्यावर माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात, चहा आणि अंधार. गोंडपिपरीच्या उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन खिडकीतून आत घुसतं, म्हणून अंधाराचा नाद मी कधीच सोडला. चहा मिळायचा, तोही मीच केला तर. कारण घरात माझी वाट पाहत दोन जीव बसलेले असत. एक माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, वीस वर्षांची शुगर, दोन्ही तळपाय बधिर. दुसरा माझ्या मुलाचा शुगर ग्लायडर. मी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. रात्रभर वॉर्डात पेशंट आणि सकाळी घरात पेशंट, अशी माझी दीड-दोन वर्षं गेली, म्हणजे तसं मला वाटलं. मोजलं तर नऊच महिने भरतात.

मुलगा हैदराबादला नोकरी करतो. पावसाळा सरता सरता तो एकदा गळ्यात कापडी पिशवी अडकवून आला. पिशवीत मूठभर राखाडी प्राणी होता. पाठीवर काळी रेघ, चेहऱ्याच्या मानाने फारच मोठे डोळे, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची सैल झालर. "आई, दोनच महिने. घरमालक नाई म्हणून राह्यला," मुलगा म्हणाला. दोन महिन्यांसाठी म्हणून जे आमच्या घरात येतं ते कायमच्या मुक्कामालाच येतं. नणंदेची शिलाई मशीन अशीच आली होती, तिच्यावर आता मी भाजी ठेवते.

बाबा वनखात्यात नाकेदार होते. अहेरी, सिरोंचा, हेमलकसा, सगळं जंगल त्यांनी पायी पालथं घातलेलं. त्यांनी प्राण्याकडे पाहिलं आणि नातवाला पहिला प्रश्न विचारला, "याची परवानगी कुठी हाय?" नातवाने मोबाइलवर कागद दाखवला. तो दूरदेशचा प्राणी आहे, ऑस्ट्रेलियाकडचा, हेही सांगितलं. बाबांनी कागद चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला. कागद इंग्रजीत होता. "ठीक हाय," ते म्हणाले. "पण ही आपली उडती खारच हाय. लहान जातीची."

'ग्लायडर' हा शब्द त्यांच्या जिभेला वळला नाही. मागचं गळालं, पुढचं उरलं, आणि तो प्राणी आमच्याकडे नुसता शुगर झाला. लिहिताना मी बाबांना 'ते' म्हणते आहे, ती शाळेने लावलेली सवय. घरात मी त्यांना तूच म्हणते. आमच्याकडे बाप असो की बैल, सगळे 'त्याले'.

मुलाने जाताना भिंतीवर एक तक्ता चिकटवला. काय द्यायचं, किती द्यायचं, काय अजिबात द्यायचं नाही. शेजारी पांढऱ्या भुकटीचा डबा ठेवला. मी तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि विसरून गेले. वाचेन कधीतरी निवांत, असं ठरवलं होतं. निवांत हा वार आमच्या कॅलेंडरात नाही.

मला प्राणी आवडत नाहीत असं नाही. पण थकलेल्या माणसाला नवीन जीव म्हणजे नवीन हागणं-मुतणंच वाटतं, खोटं कशाला बोलू? पडद्यावर, कपाटावर, आईच्या फोटोच्या चौकटीवर, सगळीकडे त्याच्या बारीक लेंड्या. झोपेत हात लावला की गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा कर्कश आवाज काढायचं. आणि अंधार पडला की कुत्र्याच्या पिल्लासारखं भुंकायचं. एकच सूर, थांबून थांबून. कुणीतरी उत्तर देईल म्हणून भुंकतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी आपली उशी कानावर घ्यायची.

एकदा त्याच्या डोक्यावर मधोमध केस गेलेले दिसले. मी नर्स, गजकर्ण म्हणून चार दिवस मलम चोपडलं. मुलगा फोनवर हसून हसून बेजार झाला. नर वयात आला की त्याला तिथे टक्कल पडतंच म्हणे. बाबांना हे फार पटलं. स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "म्हणजे पोट्टं घरच्यावरच गेलं."

तेव्हापासून ते त्यांचं झालं. दिवसभर बाबांच्या बंडीच्या खिशात ते झोपायचं, आणि खिशावर हात ठेवून बाबा कूलरसमोर बाजेवर बसायचे. लाईन गेली की स्वतःला वारा न घालता खिशाला घालायचे. शुगरने त्यांची झोप उडालेलीच होती, त्यामुळे मी ड्युटीवर असताना दोघं जागे. सकाळी मी चपला काढायच्या आत अहवाल सुरू व्हायचा. "काल कपाटावरून थेट माझ्या खांद्यावर. पंजे असे पसरले, अन् आवाज नाई काही." मी हं हं करत त्यांचं इन्सुलिन भरायची. ऐकत नव्हते. आता ते अहवाल ऐकावेसे वाटतात.

उन्हाळा लागला तसा माझ्या अंगातला जोर संपत चालला. दवाखान्यात दोन जागा रिकाम्या, म्हणून पाळ्यांवर पाळ्या. घरी आलं की बाबांच्या पायाची जखम धुवायची, पथ्याचं शिजवायचं, पडदे पुसायचे. या दोघांपैकी कुणाला तरी कुणीतरी घेऊन जावं, असं मला वाटायला लागलं होतं. कुणाला, हे मी स्वतःलाही स्पष्ट विचारलं नाही.

एप्रिलात एका सकाळी बाबा दारातच उभे. चेहरा उतरलेला. "पाह्य ना व, याले काय झालं." ते जमिनीवर पुढच्या दोन पायांनी सरकत होतं, मागचे दोन नुसते ओढले जात होते. "मुंग्या येत असन पायाले, माझ्यावाणी," बाबा म्हणाले. मी त्याला कापडात घेतलं आणि त्याचं अंथरूण बदलावं म्हणून बाबांच्या खिशात हात घातला. हाताला चिकट काहीतरी लागलं. मोहफुलं. ताजी, गोड वासाची, पाच-सहा.

माझा असा संताप झाला! मोह म्हणजे निव्वळ साखर. "बाबा, तू मोह खाऊन राह्यला? अन् मी तुझा पाय वाचवाले मरून राह्यली?"

"मी नाई खाल्लं."

चोर कधी हो म्हणतो का? मी त्यांचं बोट धरलं आणि टोचून रक्त तपासलं. आकडा नेहमीपेक्षा कमी होता.

"त्याले दिलं," बाबा हळूच म्हणाले. "उडती खार मोहावरच राह्यते. शेजारची बाई पहाटे वेचून आणते, तिच्याजवळून मागून घेतो. अन् याले बी शुगर हाय म्हणता ना तुम्ही सारे. माझं गोड तुनं बंद केलं, बरं केलं. मी सत्तर वर्षं खाऊन बसलो. त्यानं काय खाल्लं? मरायचंच हाय त खाऊन मरू दे लेकाले."

सात महिने एका घरात राहून त्या प्राण्याला मधुमेह आहे असंच ते समजत होते. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हीला वेळ नव्हता.

सुट्टी टाकून चंद्रपूर, वरोरा करत आम्ही नागपूर गाठलं. बाबा ऐकेनात, बधिर पायांनी बसमध्ये चढले, खिशावर हात ठेवून. तिथले डॉक्टर असले प्राणी पाहणारे. त्यांनी पाय चिमटून पाहिले आणि मान वर न करता विचारलं, "खायला कोण घालतं याला?"

हा प्रश्न मी वॉर्डात पंचवीस वर्षं विचारत आले आहे, अगदी याच आवाजात. कुपोषित पोर घेऊन आलेल्या आया तेव्हा पदर चाचपत गप्प बसतात. बाबा खुर्चीचा हात धरून उठायला लागले होते.

"मी," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतंच. तक्ता इंग्रजीत होता, बाबांना इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं, आणि भुकटीच्या डब्याचं सील अजून फुटलेलं नव्हतं. ती भुकटी कॅल्शियमची होती. डॉक्टर म्हणाले, नुसतं गोड मिळालं म्हणून हाडं पोकळ झाली, पाय येतीलही, सांगता येत नाही. मग म्हणाले, "आणि हा एकटा का? हे कळपाने राहणारे प्राणी. माणसाने कितीही जीव लावला तरी त्याला त्याच्या जातीचं कुणीतरी लागतं. नाहीतर खंगतात."

बाबांनी विचारलं, "आमची भाषा समजत नसन ना त्याले?"

"नाही समजत," डॉक्टर म्हणाले.

पाय आले. आधी उजवा, मग पंधरा दिवसांनी डावा, थोडा लंगडा. पण आता दोन तासांनी औषध, अळ्या, अंडं, भुकटी, सगळं माझ्याकडे. एका दुपारी मुलाचा फोन आला. अजून चार-सहा महिने सांभाळशील का म्हणाला. मी स्वयंपाकघरात उभी होते, डोळे जळत होते, आणि बांध फुटला.

"नाई होत आता मायाच्यानं. ड्युटी करू का शुगरचं पाहू? त्याचं खाणं, त्याचं औषध, त्याचं हगणं-मुतणं, मीच मरून जाईन एक दिवस. घेऊन जा त्याले. जिथी बरं राहीन तिथी ठेव, पण घेऊन जा."

मुलगा नरमला. त्याच्या एका मित्राच्या बहिणीकडे असे चार आहेत, मोठा पिंजरा आहे, ती ठेवून घेईल म्हणाला. दोन आठवड्यांनी येतो म्हणाला. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा गाढ झोपले.

त्या दोन आठवड्यांत बाबा एकदम शहाणे झाले. इन्सुलिन स्वतः टोचून घ्यायला लागले. कारल्याच्या भाजीला नाक मुरडलं नाही. बंडी स्वतः धुतली. सकाळी मी यायच्या आत भिंत धरून अंगणात फेऱ्या मारायचे आणि मी दिसले की भिंत सोडायचे. चहा घेतेस का, असंसुद्धा एकदा विचारलं. म्हातारा सुधारला, म्हणून दवाखान्यात मी कौतुकाने सांगितलं. पेशंट असा पाहिजे, मी म्हणाले.

मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा मी आत डबा भरत होते. त्याचा हसरा आवाज ऐकू आला. "आबा, नवा शर्ट! कुठी चालले?"

"तुझ्याच संगं ना," बाबा म्हणाले. "तुझ्या मायनं सांगतलं ना फोनवर."

डबा हातात घेऊनच मी बाहेर आले. बाबा बाजेवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. शेजारी त्यांची रेक्झिनची बॅग. चेन लावलेली, वर घडी करून टॉवेल. कडेला छोटा थर्मास. त्यात बर्फ आणि इन्सुलिन.

"बाबा, तुझं नाई," मी घाईने म्हणाले. "मी याचं बोलली. शुगरचं. याचं."

"हो का," बाबा म्हणाले. मुलाने त्यांना मित्राच्या बहिणीकडच्या चौघांचं सांगितलं. मग शर्टाच्या आत, बंडीच्या खिशात हात घालून त्यांनी त्याला बाहेर काढलं. ते सुटेना. त्याचं एकेक नख त्यांनी कापडातून सोडवलं, घाई न करता, आणि नातवाच्या पिशवीत ठेवलं. "तिथी याच्या भाषेचे चौघं हाय म्हणते," त्यांनी मला सांगितलं, जणू मला ठाऊकच नव्हतं.

गाडी गेली. मी बॅग उघडायला वाकले. कपडे कपाटात लावून टाकावेत, तेवढंच माझ्या हातून होण्यासारखं होतं. बाबांनी चेनीवर हात ठेवला.

"राहू दे व. भरलेली हाय त राहू दे. तू काही खोटं नाई बोलली."

तसं नाही बाबा, असं मी म्हणाले. म्हणाले नक्की, पण लगेच नाही म्हणाले. मधे थोडा वेळ गेला, आणि बाबांचे पाय बधिर असले तरी कान चांगले आहेत.

थर्मासमधलं इन्सुलिन तेवढं मी काढून फ्रीजमध्ये ठेवलं. बॅग त्यांच्या बाजेखाली आहे. झाडताना मी ती उचलते, खालची धूळ काढते आणि पुन्हा तशीच ठेवते.