कोनफळांचा पहिला वाटा

बाजारात कोनफळं दिसली की ती घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. मातीने माखलेला, आत जांभळा असलेला तो कंद हातात घेऊन मी उभाच राहतो. बायको म्हणते, घ्यायची तर घ्या, नाहीतर पुढे चला. त्या कंदाने एका गुन्ह्याला वाचा फोडली होती हे तिला माहीत आहे, म्हणून फार रागावत नाही.

मी तेव्हा कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात फौजदार होतो. मूळचा खानापूरकडचा, त्यामुळे डोंगरातल्या लोकांची मराठी मला घरचीच वाटे. ठाण्यात तक्रारी यायच्या त्या बहुतेक बांधाच्या, दारूच्या, नाहीतर गणेशगुडीला पर्यटकांच्या बोटीतून नदीत पडलेल्या मोबाइलच्या. जबाब मराठीत ऐकायचा, कन्नडमध्ये लिहायचा आणि पुन्हा मराठीत वाचून दाखवायचा, यात अर्धा दिवस जायचा. आमचे हेड कॉन्स्टेबल धारवाडकडचे. त्यांना मराठी सगळी समजायची, पण उत्तर ते कन्नडमध्येच द्यायचे आणि समोरच्याला तेही समजायचं.

खबर दिली ती गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीने. अणशीच्या अलीकडच्या एका वाडीत एक तरुण बाई वारली होती. मागे दोन लहान मुली. ताई रेंजसाठी टेकडी चढून आल्या होत्या, फोनवर धाप ऐकू येत होती.

"सायब, ती तापानं गेली न्हाई. डॉक्टरानं सुई टोचली आन् ती थितंच कोसळली. शेजारनीनं डोळ्यांनी बघितलंय. पन सासू कबूल व्हत न्हाई."

ज्याला सगळे डॉक्टर म्हणत तो डॉक्टर नव्हता. बेळगावात एका दवाखान्यात त्याने कंपाउंडर म्हणून काम केलं आणि मग रामनगरच्या रस्त्याला एका बाजारगावात खोली घेऊन बसला. पदवी नाही, परवाना नाही, मोटारसायकलला बॅग अडकवून वाड्यावाड्यांत फिरायचा. अशा माणसांचा मला मनस्वी राग. पण हेही लिहिलं पाहिजे की सरकारी दवाखाना त्या वाडीपासून लांब होता आणि रस्ता खचला तर हा माणूस चिखल तुडवत पायी यायचा.

मी वाडीत गेलो तेव्हा दहन होऊन गेलं होतं, म्हणजे शवविच्छेदनाची वाट बंद. नवरा गोव्यात मजुरीला, तो क्रियाकर्मासाठी आलेला. आई बोलेल त्यावर मान हलवत होता. शेजारीणही आता काही पाहिलंच नाही म्हणाली. सासूने तिला गळ घातली होती हे उघड दिसत होतं.

"ताप व्हता. देवानं नेली," सासू म्हणाली. "डॉक्टर आलाच न्हाई सायब."

खोटं बोलणारी माणसं पाहण्यात माझी सगळी नोकरी सरली. भीतीने खोटं बोलणारा नजर चुकवतो. पैसे घेऊन बोलणारा गरजेपेक्षा जास्त बोलतो. ही बाई माझ्याकडे सरळ बघत होती आणि मोजकंच बोलत होती. मला काही उमगेना. परतीच्या वाटेवर ताईंनी उलगडा केला. तिच्या या मुलाला पूर्वी साप चावला होता. ऐन पावसाळ्यात डॉक्टरने त्याला पाठीशी बांधून मोटारसायकलवरून मोठ्या दवाखान्यात नेलं, म्हणून तो वाचला. ज्याने लेक परत आणून दिला त्याचं नाव पोलिसांपुढे ती घेणार नव्हती.

मला राहून राहून त्या दोन पोरी दिसत होत्या. उपचारातल्या चुकीने माणूस दगावलं आणि त्याची गुन्हा म्हणून नोंद झाली, तर मागे राहिलेल्यांना सरकारी योजनेतून मदत मिळू शकते. कोर्ट दोषी माणसाकडूनही भरपाई देववू शकतं. पण 'तापाने मृत्यू' एवढंच कागदावर राहिलं तर कोणी काही देत नाही. बापाची मजुरी आज आहे, उद्या नाही. आजीच्या त्या एका 'न्हाई'पायी पोरींच्या हातून सगळं जाणार होतं, आणि ते तिला सांगूनही पटत नव्हतं.

डॉक्टरला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला, खुर्ची पुसून बसला.

"मी त्या वाडीकडं फिरकलोच नव्हतो साहेब. कोण म्हणतंय? समोर आणा की."

समोर आणायला माझ्याकडे कोणी नव्हतं. त्याची पदवी नाही एवढं सिद्ध करता आलं असतं, त्यावर दंड भरून तो सुटला असता. दुसऱ्यांदा बोलावलं, पोरींच्या मदतीचं सांगून पाहिलं, तरी तेच उत्तर. माझा आवाज चढला, त्याचा चढला नाही. आमच्या हेड कॉन्स्टेबलांनी चहा मागवला, म्हणजे त्यांच्या मते आता चौकशीत काही राम उरलेला नव्हता.

तेवढ्यात दारात ती सासू उभी. डोक्यावर टोपली, टोपलीवर केळीचं पान.

"डॉक्टर हितं हाय म्हनं?"

त्या वाडीचा एक रिवाज आहे. नवी कोनफळं काढली की पहिला वाटा देवाला, दुसरा ज्याचे उपकार आहेत त्याला. तो पोचल्याशिवाय घरात कोणी नवा कंद तोंडात घालत नाही. सापाच्या त्या प्रसंगापासून या घराचा वाटा डॉक्टरकडे जायचा. आजी आधी त्याच्या दवाखान्यात गेली, दार बंद दिसलं, लोकांनी ठाण्यात आहे म्हणून सांगितलं, तशी ती बस पकडून इथे आली. ठाणं असो की देऊळ, तिला वाटा पोचवायचा होता.

तिने टोपली त्याच्या पायाशी ठेवली. डॉक्टरने पाय मागे ओढले.

"मला नको अज्जी. घेऊन जावा."

"असं कसं? पोरी वाट बघत्यात. तुमी घेतल्याबिगर त्यास्नी खाया देता येत न्हाई." तो हात पुढे करीना, तशी ती घाबरली. खाली वाकून त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "रागावला काय वो? म्या काय बी बोलले न्हाई हां. सुईचं कुनाला सांगितलं न्हाई. शेजारनीला बी गप केलंय."

हेड कॉन्स्टेबलांनी हातातला चहा खाली ठेवला. आपण काय बोललो हे तिला कळलंच नव्हतं. डॉक्टरला मात्र कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस हुंदके देऊन रडायला लागला.

"अज्जी, तुमची सून माझ्या हातनं गेली. औषध सोसतंय का बघायला पाहिजे होतं. बघितलं न्हाई. ती पडली आणि मी पळालो."

"ठावं हाय मला," आजी म्हणाली. "पन माजा ल्योक जिता हाय तो तुमच्यामुळं. तुमचं नाव घिऊ कसं?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे नव्या शिपायालाही माहीत असतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण डॉक्टरच आधी बोलला. त्याने टोपलीतला एक कंद उचलला आणि कपाळाला लावला.

"वाटा घेतला अज्जी. पोरींना खाया घाला. पण आता साहेबांना खरं सांगा. पोरींना सरकारची मदत मिळतीय. माझे उपकार फिटले म्हणून समजा."

आजी मटकन खाली बसली. सून गेल्यापासून ती रडली नव्हती, असं ताई नंतर म्हणाल्या. ती रडली ती आमच्या ठाण्याच्या फरशीवर. हेड कॉन्स्टेबलांनी आपला चहा तिच्यापुढे ठेवला आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले, "घ्या अज्जी."

पुढचं काम रीतसर झालं. डॉक्टरने वाडीच्या वळणावर बांबूच्या बेटात पुरलेली बॅग पंचांसमक्ष काढून दिली. आत औषधाची बाटली होती आणि सुईही. दंडाधिकाऱ्यांपुढे त्याने जबाब बदलला नाही. आजीने आणि शेजारणीने खरं सांगितलं. मदतीचं प्रकरण पुढे गेलं, तेव्हा आजी पुन्हा अडून बसली. सुनेच्या जिवाचा पैसा घरात नको, म्हणाली.

"अज्जी, जिवाचा पैसा नाही हा," मी म्हणालो. "ती असती तर पोरींचं जे जे केलं असतं, ते करायला आहे."

तिने पदराला हात पुसला आणि अंगठा दिला. मदत मंजूर झाली, पोरींच्या नावावर बँकेत राहिली. डॉक्टरला शिक्षा झाली.

पुढच्या वर्षी कोनफळं निघाली आणि आजी टोपली घेऊन माझ्या ठाण्यात हजर. पोलिसाने भेट घ्यायची नसते हे मी तिला समजावत होतो, ती ऐकत नव्हती. टोपलीत पान घालून दोन वाटे केलेले.

"एक तुमचा. दुसरा डॉक्टरच्या बायकोला पोचवा. आमच्या पोरींचं सरकारनं बघितलं. तिच्या घरात कमावनारा तुरुंगात हाय. तिचं कोन बघनार?"

मी जीपमधून तो वाटा घेऊन गेलो. डॉक्टरच्या बायकोने आधी माझा गणवेश पाहिला आणि दार लावायला लागली. कुणाकडून आलं ते सांगितलं, तेव्हा टोपली छातीशी धरून ती उंबऱ्यातच बसली. मग उठून आत गेली. रिकामी टोपली परत पाठवायची नाही, म्हणून तिने त्यात घरातले तांदूळ घालून दिले.

गुन्हेगार कसा पकडावा हे मला खात्याने शिकवलं. गुन्ह्यानंतर उरलेल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं, हे त्या आजीने शिकवलं, आणि त्याबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे. आयुष्यभर लोक मला साहेब म्हणाले, पण आपण काही चांगलं काम केलं असं मला वाटलं ते त्या दिवशी, रिकामी झालेली टोपली भरून परत नेताना.

आजीने तांदूळ बघितले. कुणाचे, हे विचारलं नाही. चुलीवर आधण ठेवलं आणि नातींना हाक मारली, "या गं पोरींनो. आज ह्येचाच भात."