लांब ठेवलेली खुर्ची

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. वडील युनियनचं काम करायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे पीएच.डी.साठी आधीच्या संशोधनाचा आढावा लिहायची वेळ आली, तेव्हा मी पत्रकच लिहिलं.

माझा विषय होता गुऱ्हाळात राबणारी माणसं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात गुऱ्हाळांवर एकच जाडजूड प्रबंध सापडला. पानं एकमेकांना चिकटलेली. रस किती निघतो, चिपाडं किती जळतात, गुळाच्या ढेपेला भाव काय मिळतो, सगळं होतं. चुलवाणाच्या तोंडाशी बसून दिवसभर जाळ घालणारा माणूस मात्र कुठंच नव्हता. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. लढायला कुणीतरी मिळालं होतं! ‘या प्रबंधात गूळ आहे, माणूस नाही,’ असं लिहून मी शेवट केला, ‘आम्ही याचा तीव्र निषेध करतो.’

माझ्या मार्गदर्शक सरांनी ते वाचून चष्मा काढला. “आम्ही म्हणजे कोण गं? तू आणि तुझी सायकल?”

त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवले.

“या विषयावर काम झालंय, तू नवीन काय करणार, हे समिती विचारणार. त्याचं उत्तर यात कुठाय? ते नसेल तर विषय गेला. आणि ज्यांचा निषेध केलायस ना, ते त्या समितीवर आहेत.”

“मी एक शब्द मागं घेणार नाही, सर.”

“घेऊ नकोस. कसबा बावड्याला त्यांच्या घरी जा आणि त्यांच्या तोंडावर वाचून दाखव.”

गेले. प्रबंध लिहिणारे निवृत्त प्राध्यापक घरापुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसले होते. मी उभ्यानंच वाचायला लागले. निषेधापर्यंत पोचले तेव्हा माझा आवाज पार गल्लीत गेला होता. म्हातारा हातातली शेंग टाकून आत तोंड करून ओरडला, “अगं ए, भाईर ये! माझा प्रबंध कुणीतरी वाचलाय!”

काकू हात पुसत आल्या. “सगळा?”

“सगळा! शिव्या घालण्याइतका!”

मग त्यांनी मला बसवलं. काकूंनी भाकरी आणि काकवी पुढं ठेवली. निषेध करायला आलेल्या माणसानं जेवावं का, हा प्रश्न मला पडला. पण काकवी ताजी होती.

“पोरी, तुझं खरं हाय,” ते म्हणाले. “धुरानं डोळं चुरचुरायचं. म्हणून मालक मला खुर्ची टाकून द्यायचे, लांब, आंब्याच्या सावलीत. तिथनं रसाची काहिल दिसायची, ढेप दिसायची. जाळ घालणारा न्हाय दिसायचा. पण रस आणि भाव मी चोख मोजलाय, ते का लिहिलं न्हाईस? माझी खुर्ची कुठं होती ते लिही. तिच्या म्होरं तुझं काम सुरू हुतंय.”

परतताना चढावरही सायकल पळत होती. मी प्रकरण पुन्हा लिहिलं. त्यांचं मोजमाप मान्य केलं, खुर्ची कुठं होती ते सांगितलं, तिथून काय दिसत नव्हतं ते सांगितलं. निषेध गेला. ‘माणूस नाही’ हे वाक्य मी ठेवलं.

समितीत एका सदस्यांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. “हे उद्धट आहे, काढा. आणि गुऱ्हाळांवर यांचा एवढा मोठा प्रबंध असताना तुम्ही नवीन काय करणार?”

मी तोंड उघडायच्या आत म्हातारा खाकरला. “वाक्य ऱ्हाऊ दे. माझी खुर्ची लांब होती, साहेब. ही चुलवाणापाशी बसणार हाय.”

विषय मंजूर झाला. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “डोळं चुरचुरलं तर काय करशील?”

“घोषणा देईन,” मी म्हटलं. त्यांच्या हसण्यानं अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला.