जोर कुठल्या शब्दावर

त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती आणि मी घरीदारी सगळ्यांवर खेकसत होते. नव्वदचं दशक संपत आलेलं. कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचे. माझा तास बघायला बाहेरून साहेब येणार होते. साधा धडा घेतला असता तर काय बिघडलं असतं? पण मला मेली हौस! मी विषय निवडला, इंग्रजीतली जोडनामं कुठली आणि नुसते सवयीनं एकमेकांसोबत येणारे शब्द कुठले.

रेनकोट हे जोडनाम, एकच वस्तू. हेवी आणि रेन हे फक्त सोबती. ‘द रेन इज हेवी’ म्हणता येतं, ‘द कोट इज रेन’ म्हणता येत नाही. एवढ्यावर मुलांना कळलं होतं. पण मागच्या बाकावर बसलेले साहेब वहीत काही लिहीनात, म्हणून मी पुस्तकातला पुढचा नियम काढला. जोडनामात उच्चाराचा जोर पहिल्या शब्दावर, सोबत्यांच्यात दुसऱ्यावरही. ‘रेनकोट’ आणि ‘हेवी रेन’ मी दोन्ही म्हणून दाखवले. मुलांनी माझ्याहून मोठ्यानं म्हटले.

चंदगडकडची एक मुलगी, वसतिगृहात राहणारी, एरवी तोंड न उघडणारी, उभी राहिली.

“मॅडम, तुमी म्हनताय त्ये दोन्ही सारकंच ऐकाय येतंय की.”

वर्ग फिदीफिदी हसला. माझं डोकंच फिरलं. “आधी कान तपासून घे जा,” मी म्हणाले. ती खाली बसली.

मला मात्र चैन पडेना. ओळखीतून इंग्रजी उच्चारांची कॅसेट आणली, भाजी चिरता चिरता पुन्हा पुन्हा ऐकली. मग माझा आवाज भरून ऐकला. माझ्या तोंडी दोन्हींतला जोर खरंच सारखा! नियम मी वाचला होता, कानांनी कधी ऐकलाच नव्हता. लाज वाटली. पण कायम झाल्याचा आदेश अजून हातात आला नव्हता. तो येऊ दे, मग तिला सांगू, असं म्हणत मी आठवडा काढला.

आठवड्यानं तिचे वडील तिला घेऊन स्टाफरूममध्ये आले. हातात दवाखान्याचा कागद.

“कान दावून आनलं हिचं. डॉक्टर म्हनला, कायबी झालेलं न्हाय. मग हिच्या डोक्यातच काय न्हाय म्हनायचं का? दाखला काढून न्हेऊ?”

मुलगी फरशीकडे बघत होती. पलीकडच्या टेबलाशी प्राचार्य बसलेले.

“तिचे कान आणि डोकं दोन्ही चांगली आहेत,” मी म्हणाले. “मलाच तो जोर देता येत नाही. ती खरं बोलली होती.”

प्राचार्यांनी मान वर केली.

“मग त्याच दिशी सांगायचं की, मॅडम,” वडील म्हणाले. “आठ दिस झालं, पोरगी धड जेवली न्हाय.”

मुलीनं त्यांची बाही ओढली.

“आबा, जावा आता. माजा तास हाय.”

तो तास माझाच होता.