बिल येण्याआधी भरणारा मधू

मधू गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, हे सांगायची लाज वाटते. मी अंगणात आमसुलं उन्हात घालत होतो. बायकोने आतून हाक मारली आणि तिच्या आवाजावरूनच काहीतरी बिनसलंय हे ओळखलं. फोनवर सुलभावहिनी होत्या, मधूची बायको. "भाऊजी, हे गेले... आंघोळीला जातो म्हणाले नि मोरीच्या दारातच बसले." एवढंच त्या बोलल्या. आणि मला आठवला तो चेक. वटला असेल का तो? चाळीस वर्षांचा मित्र गेला नि मला चेक आठवावा! याला दीड महिना झाला. मधूच्या सालस स्वभावाविषयी इतरांनी लिहिलं आहे, ते सगळं खरंच आहे. मला मात्र त्या चेकविषयी लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मधू रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि मी बँकेत कारकून. एसटी सुटण्याच्या तासभर आधी हा स्टँडवर हजर. पेपरवाल्याचे पैसे महिना संपण्याआधीच त्याच्या हातावर ठेवणार. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. मधू अंथरूण ऐसपैस असलं तरी पाय पोटाशी घेऊन निजणारा. अशा माणसाच्या हाती क्रेडिट कार्ड पडावं हा विनोदच होता. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट, दोन हजार साल असेल. मुलीकडे ठाण्याला गेला असताना दारावर आलेल्या विक्रेत्याला नाही म्हणणं याला जमलं नाही, आणि महिन्याभरात कार्ड रत्नागिरीत येऊन दाखल झालं.

पहिल्याच पावसाळ्यात घोळ झाला. घाटात दरड आली, टपाल अडकलं आणि बिल हातात पडलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. मुंबईहून कार्डवाल्यांचा शाळेत फोन आला. हेडमास्तरांनी तो सगळ्या शिक्षकांसमोर मधूच्या हातात दिला, आणि पलीकडची बाई हिंदीत विचारत राहिली, पैसे कधी भरणार. रक्कम होती सातशे रुपये. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. "आजवर माझ्याकडे कुणाला पैसे मागायला लागले नव्हते रे," एवढंच म्हणाला. मला त्याचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बँकवाला असल्याचा थोडा ताठाही होता. मी त्याला समजावलं, की रत्नागिरीचा चेक मुंबईत वटायला पंधरा-सोळा दिवस लागतात, तेव्हा बिलाची वाट बघतच बसायचं नाही. आधीच भरून मोकळं व्हायचं. सल्ला चुकीचा नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पण मधूने त्याचं व्रत करून टाकलं. सकाळी स्कूटरमध्ये कार्डावर शंभराचं पेट्रोल भरायचा आणि दुपारी शंभराचा चेक कुरियरने मुंबईला. ड्राफ्टने काम लवकर झालं असतं, पण कमिशन जातं म्हणून चेकच. पुढे पुढे तर तो खरेदीच्याही आधी भरायला लागला. दिवाळीचे कपडे घ्यायचे तर दसऱ्यालाच चेक रवाना. मग मुंबईला एसटीडी फोन करून पैसे पोचल्याची खात्री करायची आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढायची. आमचा एक मित्र बँकेलाच उधार देतो, असं मी बँकेत रंगवून रंगवून सांगायचो. सगळे हसायचे. मधूला हे कळलं तर तोही हसला, "मेल्या, तूच शिकवलंस," म्हणाला. मला ते आवडायचं. तेव्हाच त्याला समोर बसवून सांगायला हवं होतं, की अरे, अडीनडीला आधी वापरावं नि मागाहून भरावं, याचसाठी कार्ड असतं. एवढी दोन वाक्यं मी कधी बोललो नाही... हशा मिळत होता ना!

यंदा एप्रिलमध्ये भगवतीच्या किल्ल्याची चढण चढताना तो दम लागून दोनदा थांबला. डॉक्टरांनी तपासलं आणि कोल्हापूरला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या, दिवस काढू नका, असं बजावलं. पंचवीसेक हजार हाताशी ठेवायला सांगितले. रोकड घेऊन जायला मधू तयार नव्हता, कोल्हापूरच्या स्टँडवर पूर्वी एकदा त्याचा खिसा कापला गेला होता. कार्डावर चाळीस हजारांपर्यंत उधारीची मुभा होती आणि तिला फारसा हातही लागलेला नव्हता. त्याच दिवशी तो माझ्याकडे आला. जिना चढून आल्याने कपाळावर घाम होता. म्हणाला, "पंचवीस हजारांचा चेक आज पाठवला. जमा झाला की निघतो."

उद्याच जा, दवाखान्यात कार्ड दे, पैसे मागाहून भर, असं मी म्हणायला हवं होतं. नाहीतर माझ्याकडून घेऊन जा, असं तरी. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एवढं सुचू नये? मी म्हणालो, "बरं केलंस." वर भिंतीवरचं कॅलेंडर बघून त्याला सोळा दिवस मोजून दिले. मधू तेराव्या दिवशी गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर सुलभावहिनींनी मला बोलावून घेतलं. कार्डाचं बिल आलं होतं. काही द्यायचं राहिलं असेल तर बघा, त्यांना ते आवडायचं नाही, असं म्हणून त्यांनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं. द्यायचं काहीच नव्हतं. उलट पंचवीस हजार जमा दिसत होते, आणि तारीख होती तो जाण्याच्या दोन दिवस आधीची. एरवी त्याने आठव्या-दहाव्या दिवसापासूनच मुंबईला फोन सुरू केले असते. मी सोळा दिवस सांगितले म्हणून या खेपेला केले नाहीत.

मग मला राहवेना. मी वहिनींना सगळं सांगितलं, आधी भरायची सवय मीच लावली, त्या दिवशी बरं केलंस म्हणालो तेही.

"मला ठाऊक आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी सांगून ठेवली होती. चेक पाठवला होता तरी हो-नाही करत तयार झाले होते. तुमच्याकडून आले नि म्हणाले, गाडी नको म्हणून कळव, बँकेतला माणूसही तेच म्हणतो."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं, नाहीतर तुमचा काय दोष असं तरी म्हणतील. त्यांनी बिलावर बोट ठेवून हे पैसे परत कसे मिळायचे, तेवढं विचारलं. पैसे परत मिळायला अर्ज लागतो, तो मी तिथेच बसून लिहिला. कार्ड कापून तुकडे अर्जासोबत पाठवावे लागतात, हेही सांगितलं. वहिनींनी कपाटातून ते आणलं. इतक्या वर्षांत त्यावर एक ओरखडा नव्हता. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं, शेजारी कात्री ठेवली आणि त्या आत निघून गेल्या.