मास्क, मिशी आणि म्हातारेबुवा

बायपॅपचा अलार्म थांबेना. मास्कच्या दोन्ही बाजूंनी हवा निसटत होती आणि हरेश्वरभाऊंची ग्लानी वाढत चालली होती.

बायपॅप म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन. विडीने कामातून गेलेल्या फुफ्फुसांत कार्बन डायऑक्साइड साचतो, तो बाहेर पडायला या दाबाची मदत होते. पण त्यासाठी मास्क गालाला चिकटून बसायला हवा. इथे गालावर जागाच नव्हती. थेट कानापर्यंत गेलेली झुपकेदार मिशी! अख्ख्या आयसीयूत धडधाकट म्हणावी अशी तेवढीच.

पट्टे आवळले, मास्कचा साइज बदलला. गळती तशीच. ब्लड गॅसचा रिपोर्ट बघून सर म्हणाले, "कार्बन डायऑक्साइड वाढतोय. तासाभरात उतरला नाही तर ट्यूब टाका."

ट्यूब म्हणजे श्वासनलिकेत नळी आणि मग व्हेंटिलेटर. असा पेशंट त्यावर पटकन जातो, उतरताना मात्र नाकी नऊ आणतो. कधीकधी उतरतच नाही. मी बाहेर जाऊन त्यांच्या बायकोला म्हटलं, "वहिनी, मिशी काढावी लागेल."

"नाय मॅडम! बापूस जिता असताना आमच्यात मिशी नाय काडीत. सासरे घरी हायेत."

"नाहीतर घशात नळी घालावी लागेल हो. जिवाचा प्रश्न आहे."

"नळी घाला. मिशी नको."

मी कपाळावर हात मारला. राग आला, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, ज्यांच्यासाठी हे चाललंय, त्यांनाच बोलवा.

म्हातारेबुवा नेरूळजवळच्या गावातून रिक्षाने लगेच आले. काठी टेकत बेडपाशी गेले. लेकाकडे बघत राहिले.

"मिशी माज्यासाटी ठेवलीय ना त्यानं? मंग मी सांगतो, काडा. पोरगाच नसल तं मी जगून काय करू?"

सिस्टरने लगेच वस्तरा चालवला. मास्क बसला, अलार्म गप्प झाला. पुढच्या रिपोर्टमध्ये कार्बन डायऑक्साइड उतरला होता. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच स्टुलावर बसले.

संध्याकाळी हरेश्वरभाऊ नीट जागे झाले. पाणी पाजायला मास्क काढला, तर हात आधी ओठावर गेला. डोळे भरून आले.

"बाबा कवा गेलं?"

"गेलो नाय रं," पायथ्याशी बसलेले म्हातारेबुवा म्हणाले, "हितंच हाय."

तेव्हापासून मिशीवाल्या पेशंटला मास्क लावण्याआधी मी वडील आहेत का ते विचारते. असतील तर आधी त्यांनाच बोलावून घेते.