आमच्या आयेचं आवतण

"मांडव नाय तर गाना नाय."

हे वाक्य माझी आये कुणालाही ऐकवायची. शेजारणीला, पाहुण्यांना, एकदा तर गावात आलेल्या शाळा तपासणीच्या साहेबांनाही. "एक कडवं म्हणून दाखवा ना," असं कुणी म्हटलं की वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणताना हलवतो तसा उजवा हात हलवायची आणि विषय संपवायची.

आये धवलारीण होती. पनवेलच्या बाजूच्या एखाद्या आगरी लग्नाला तुम्ही गेला असाल, तर नवरीजवळ बसून गाणारी बाई तुम्ही पाहिली असेल. आमच्याकडे लग्न ती लावते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. भटजी असले तरी तिचं गाणं संपायची वाट पाहतात. आये शाळेची पायरी चढली नव्हती, सहीच्या जागी अंगठा उठवायची. पण सकाळी सुरू केलेला धवला उन्हं कलेपर्यंत चालायचा आणि एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. आपल्या आत्याच्या पाठीमागे सात लग्नसराया बसून ती ते शिकली होती.

सगळ्यात आधी आवतण. देवांना, डोंगरांना, नदीला, झाडांना, एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायचं.

"गाढी नदी बाय गो, मांडवा ये,
लेकीच्या न्हाणाला पानी दे."

नदी तिची थोरली जाऊ, तर कर्नाळ्याचा डोंगर मोठा दीर. त्याचं नाव घेताना ती पदर डोक्यावर ओढून घ्यायची. लहानपणी मला वाटायचं, डोंगर खरंच मांडवाच्या दारात उभा आहे.

एका लग्नात डीजेवाला मुलगा घाईला आला होता. म्हणाला, "मावशे, जरा शॉर्टमध्ये घ्या ना."

आयेने गाणं थांबवलं नाही. कडवं पुरं केलं, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "तुजे आयेला इचार, तू शॉर्टमदी आलतास का? नव महिनं लागलं ना?"

मांडवात हशा पिकला. त्या मुलाने पुढचा दीड तास मशीनला हात लावला नाही.

मी घरातली पहिली पदवीधर. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मला फार समजायला लागलं होतं. एकदा लग्नाहून येताना म्हणाले, "आये, बांधावरची जांभूळ तोडून दोन वर्षं झाली. तिथे बिल्डिंग उभी आहे. तिला कशाला बोलावतेस?"

"तुजा बापूस गेला, तरी पयलं आवतण पितरांचंच देतो ना आपन?" ती म्हणाली. "झारांना काय पितर नसतंत?"



पुढे मी शिक्षिका झाले, सुकापूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आयेला घेऊन आले. तेव्हा तिची छाती धरायला लागली होती. दोन जिने चढली की कठड्याला टेकून उभी राहायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस धरू नका. त्या रात्री माझ्या मनात आयेच्या आधी धवला आला, हे सांगायला मला लाज वाटते. पण खरं तेच. तिच्या मागे बसून शिकलेलं कुणी नव्हतं. गावातल्या मुली नोकरीला लागल्या होत्या, आणि मी, तिची पोटची मुलगी, दुसऱ्यांच्या कविता शिकवत होते.

मी वही घेऊन बसले. "आये, सांग, मी लिहून घेते."

"हितं? देव बोलवलं तं येतात गो. बसवू कुठं त्यांना, तुज्या सोफ्यावर?"

"गाऊ नकोस. नुसते शब्द सांग."

तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. दोन ओळी आल्या आणि अडली. "येक वल दुसरीला हात धरून आनते," ती म्हणाली. "सूर नसला तं हात सुटतो."

कार्तिकात आमच्या सोसायटीत तुळशीचं लग्न असायचं. वृंदावनाभोवती चार ऊस बांधले होते, वर आंब्याची डहाळी. दोघा शेजाऱ्यांच्या मदतीने मी आयेला खुर्चीवर बसवून खाली आणलं. तिने उसाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वहीकडे.

"मना फसवतेस?"

"मांडव आहे ना, आये?"

तिने हात पुढे करून ऊस चाचपला. मग म्हणाली, "हाय. तुलशीचं लगीन खोटं नसतं."

आणि तिने सूर लावला. पूर्वीचा नव्हता. कडव्याकडव्याला दम खात होती. सोसायटीच्या बायका मंगलाष्टकांसाठी अक्षता घेऊन उभ्या होत्या, त्या हळूहळू खाली बसल्या. मोबाइलवर मी रेकॉर्डिंग लावलं होतं, त्यात नंतर फक्त फटाके निघाले. सगळी भिस्त माझ्या पेनावर होती.

नदी आली, डोंगर आला, जांभूळ आली. मी मागे पडायला लागले. एक ओळ लिहीपर्यंत दुसरी निघून जायची. पान उलटताना दोन गेल्या. माझे डोळे भरून आले, अक्षर दिसेना. तिला थांब म्हणायची सोय नव्हती, आवतण मध्येच तोडायचं नसतं.

तेव्हा आये माझ्याकडे पाहत, त्याच चालीत, कधीही न ऐकलेलं गायली.

"थांबा देवांनो, घडीभर थांबा,
लेक माजी लिवते, हात नाय पोचत."

तेच तिने पुन्हा गायलं, पुन्हा गायलं. माझं कानात राहिलेलं भरून झालं, मी मान वर केली, तेव्हाच ती पुढे गेली. त्या रात्री पाठवणीच्या धवल्यापर्यंत मी चौसष्ट पानं लिहिली. एकही ओळ सुटली नाही.

माघात आये गेली.

वहीच्या झेरॉक्स गावात गेल्या. चाल आमच्या म्हाताऱ्यांच्या कानात होती, शब्द वहीत होते. माझी भाची आणि तिची मैत्रीण वर्षभर रविवारी म्हाताऱ्यांजवळ बसल्या. एक नर्स आहे, दुसरी कळंबोलीला ऑफिसात. दोन वर्षांनी धवलारिणी म्हणून त्यांनी गावातलं पहिलं लग्न लावलं. मी बायकांत मागे बसले होते.

आवतण सुरू झालं. नदी, डोंगर, जांभूळ. आणि मग दोघी गायल्या, "थांबा देवांनो, घडीभर थांबा, लेक माजी लिवते." मी वहीत जसं ऐकलं तसं सगळंच उतरवलं होतं, आणि त्यांना तो धवल्याचाच भाग वाटला होता. मागच्या बायकांनी ती ओळ उचलली. भटजींनी हातातल्या अक्षता पुन्हा ताटात ठेवल्या. त्या दोघी पुढच्या कडव्याला जाईपर्यंत मांडवातलं कुणी हललं नाही.